मुक्या जिवाला दिलेला शब्द

बायबलमधील तोबीतचे पुस्तक वाचताना त्यातील एका पात्राकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दृष्टी गमावलेला वृद्ध तोबीत दूरच्या मेदिया देशात ठेव म्हणून ठेवलेले पैसे आणण्यासाठी आपल्या मुलाला, तोबियाला, पाठवतो. वाटाड्या म्हणून एक अनोळखी तरुण त्याच्याबरोबर निघतो. तो राफाएल देवदूत आहे हे घरात कोणालाच ठाऊक नसते. आई रडत असते, बाप आशीर्वाद देत असतो आणि या दोघा वाटसरूंच्या मागोमाग घरचा कुत्राही वाटेला लागतो. पुढे नदीत मासा सापडतो, दुष्ट आत्म्याचे निवारण होते, तोबियाचे लग्न लागते, पैसे हाती येतात. या साऱ्या घडामोडींत कुत्र्याचा उल्लेख नाही. परतीच्या वाटेवर घर जवळ येते तेव्हा मात्र तो पुन्हा एकदा दिसतो, दोघांच्या मागून चालत येणारा. त्याने कोणताही पराक्रम केला नाही, कोणाचा जीव वाचवला नाही. तो बरोबर गेला आणि बरोबर परत आला, एवढेच शास्त्रकाराला नोंदवावेसे वाटले.

ही कथा मी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली होती. तेव्हा माझे सारे लक्ष देवदूताकडे आणि त्या माशाकडे होते. आता वयाची पन्नाशी ओलांडल्यावर ती पुन्हा वाचताना माझे मन त्या कुत्र्यापाशी अडखळते. आमच्या घरचा एक कुत्राही असाच घरच्या माणसांबरोबर प्रवासाला निघाला होता. तो परत आला नाही, कारण आम्ही त्याला परत आणले नाही.

वसईतील आमच्या वाडीत तो एका पावसाळ्यात पिलू म्हणून आला. कोणी मुद्दाम आणला नव्हता. गोठ्याच्या वळचणीला कुडकुडत बसलेला आढळला आणि वडिलांनी त्याला आत घेतले. मोती हे नाव त्या काळी वाडीतल्या निम्म्या कुत्र्यांचे असे. तेच त्यालाही मिळाले. दिवसा तो केळीच्या बागेत वडिलांच्या मागे हिंडे, रात्री विहिरीच्या कट्ट्यापाशी झोपे आणि पहाटे आई मिस्सेला निघाली की तिच्यामागून चर्चपर्यंत जाई. फाटकाबाहेर तो बसून राही. मिस्सा संपून आई बाहेर आली की उठून अंग झाडी आणि पुन्हा तिच्यामागून घरी येई. वडील वारल्यानंतरही त्याचा हा क्रम चालू राहिला.

१९९४ सालच्या मे महिन्यात जुने कौलारू घर पाडून त्या जागी नवे बांधायचे ठरले. वर्षभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे होते आणि घरमालकाने कुत्रा चालणार नाही असे स्पष्ट सांगितले होते. मोती तेव्हा अकरा वर्षांचा होता. पाठीवरचे केस खरजेने झडले होते, अंगाला वास येई, डोळ्यांत पांढुरकी झाक आली होती. खाडीपलीकडच्या मासळी बाजारात सोडला तर त्याला निदान पोटभर खायला मिळेल, असे घरात कोणीतरी म्हणाले आणि त्या एका वाक्याने आम्हा सर्वांची सोय झाली. टेम्पो आला. मोती कधी वाहनात चढला नव्हता. इतरांनी ओढून पाहिले, तो जागचा हलेना. मग मी आत बसून हाक मारली आणि तो धडपडत वर चढला. वाटभर त्याने माझ्या पावलावर हनुवटी टेकवली होती. बाजाराच्या मागच्या अंगाला मी त्याच्यापुढे अर्धा पाव टाकला आणि तो खात असतानाच टेम्पो सुरू झाला. काही अंतर तो मागे धावत आला. तो कोठे थांबला हे मला सांगता येणार नाही. मी मागे पाहणे सोडून दिले होते.

पुढच्या वर्षीच्या प्रायश्चित्त काळात मी ही गोष्ट पापनिवेदनात सांगितली. फादर म्हणतील, ‘अरे, ते जनावर, यात पाप कसले?’ अशी माझी अपेक्षा होती; खरे सांगायचे तर तेच ऐकण्यासाठी मी गेलो होतो. फादर काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, “त्याला शोधायला परत गेला होतास का?”

मी दुसऱ्या दिवशी गेलो. दहा महिने उलटून गेले होते. बाजारात एका कोळणीला विचारले, तेव्हा ती मासे कापता कापता म्हणाली, “कुत्री काय, पन्नास आहेत इथे. तुमचा कसा होता?” मी म्हणालो, तपकिरी. समोर दिसणाऱ्या कुत्र्यांतली बहुतेक तपकिरीच होती. कान कसे होते? छातीवर पांढरा डाग होता का? शेपूट कोणत्या अंगाला वळलेली? अकरा वर्षे तो आमच्या दारात होता आणि त्याच्या अंगावरची एक खूण मला सांगता येईना. त्याला सोडून दिल्याची खंत मला होतीच. पण त्या दिवशी मला कळले की त्याला सोडण्याच्या कितीतरी आधीपासून मी त्याच्याकडे पाहिलेच नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्याबरोबर राहिला आहे. कुत्र्याशी केलेला विश्वासघात हा खरोखर विश्वासघात असतो काय? ज्याला वचन म्हणजे काय हे कळत नाही, त्याला दिलेले वचन मोडता येते काय?

पाश्चात्त्य विचारवंतांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. सतराव्या शतकातील तत्त्वज्ञ देकार्त याने प्राण्यांची तुलना यंत्राशी केली आणि त्याच्या अनुयायांनी त्यातून प्राण्याचे विव्हळणे हे घड्याळाच्या आवाजापेक्षा निराळे नाही असा निष्कर्ष काढला. त्याच्या चारशे वर्षे आधी संत थॉमस अक्वायनस यांनी अधिक सावध भूमिका घेतली होती. प्राण्यांना बुद्धी नाही म्हणून त्यांच्याशी माणसासारखे मैत्र संभवत नाही, परंतु जो प्राण्यांशी क्रूरपणे वागतो त्याला पुढे माणसांशीही क्रूरपणे वागण्याची सवय जडते, म्हणून ती क्रूरता टाळावी, असे त्यांचे म्हणणे. अठराव्या शतकात कांट याने आपल्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत नेमके म्हाताऱ्या कुत्र्याचेच उदाहरण घेतले. ज्या कुत्र्याने धन्याची दीर्घकाळ इमानाने सेवा केली, तो निकामी झाल्यावर धन्याने त्याला मरेपर्यंत सांभाळले पाहिजे. त्याला गोळी घालणारा धनी कुत्र्याविषयीच्या कर्तव्यात चुकत नाही, कारण कुत्रा न्यायनिवाडा करू शकत नाही. पण तो स्वतःमधल्या माणुसकीला इजा करतो.

हे सारे वाचताना मला आधार वाटला आणि तरीही समाधान झाले नाही. दोघाही थोर विचारवंतांच्या लेखी कुत्रा हा जणू आरसा आहे. त्यात आपलाच चेहरा विद्रूप दिसू नये एवढ्यासाठी त्याला जपायचे. मोती टेम्पोमागे धावला तेव्हा जे काही हरवले ते केवळ माझ्या आतले होते काय? धापा तर तो टाकत होता.

ख्रिस्तसभेची अलीकडची शिकवण येथे एक पाऊल पुढे जाते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये म्हटले आहे की प्राणी ही परमेश्वराची निर्मिती आहे, त्याची काळजीवाहू नजर त्यांच्यावर आहे आणि केवळ अस्तित्वानेच ते त्याचा गौरव करतात; म्हणून माणूस त्यांच्याशी दयाळूपणे वागण्यास बांधलेला आहे. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे आहे, असेही तो ग्रंथ बजावतो. २०१५ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात तीच धारा विस्तारली: प्रत्येक जिवाला परमेश्वरापाशी स्वतःचे मोल आहे, ते आपल्या उपयोगावरून ठरत नाही. म्हणजे मोतीचे मोल त्याने राखलेल्या केळीच्या घडांवर अवलंबून नव्हते, आणि खरजेने ते कमी झाले नव्हते.

शिवाय कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी वाघाच्या वा चिमणीच्या बाबतीत नाही. कुत्रा हा लांडग्याच्या कुळातला. हजारो वर्षांच्या सहवासात माणसाने त्याला असा घडवला की त्याने आपल्या हाकेला यावे, आपल्या डोळ्यांत पाहावे, आपल्याशिवाय त्याला करमू नये. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक पुरुष आणि एक स्त्री यांचे सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे दफन सापडले. त्यांच्यासोबत एका कुत्र्याचे अवशेष होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या दातांवरील खुणांवरून असे अनुमान काढण्यात आले की ते सुमारे सात महिन्यांचे पिलू होते आणि त्याला डिस्टेंपर नावाचा प्राणघातक रोग अनेक आठवडे जडला होता. कोणी ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय, घाण पुसल्याशिवाय ते इतके दिवस तगले नसते. त्या आजारी पिलाचा त्या शिकारी माणसांना काय उपयोग होता? काहीच नाही. तरीही त्यांनी त्याची शुश्रूषा केली आणि तो मेल्यावर त्याला माणसांशेजारी पुरले. शेतीचा शोध लागण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

म्हणून मला वाटते, कुत्र्याला शब्द दिला जातो तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या वतीने. आपण पिलू घरात आणतो, त्याला नाव देतो, आपल्या ताटातला घास देतो, तेव्हा तो शब्द आपण आपल्या नावावर करून घेतो. दुसऱ्या माणसाला दिलेले वचन कधी कधी समजुतीने परत घेता येते. तो आपल्याला त्यातून मोकळे करू शकतो. कुत्रा आपल्याला मोकळे करू शकत नाही. तो करार जाणत नाही, रद्दही करू शकत नाही. म्हणूनच तो आपल्याला अधिक बांधतो. मी हाक मारली म्हणून मोती टेम्पोत चढला. त्याच्या त्या चढण्यात माझ्यावरचा सगळा विश्वास होता आणि माझ्या हाकेत त्या विश्वासाचा वापर होता.

हा शब्द पाळायचा तर प्रथम ज्याला तो दिला त्याला जाणून घेतले पाहिजे. आपण कुत्र्याला मुके जनावर म्हणतो. वास्तविक तो दिवसभर बोलत असतो. ती भाषा शिकण्याचे कष्ट आपण घेतलेले नसतात. शेपूट हलली की कुत्रा खूश, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण ताठ उभारलेली आणि आखूड झटक्यांनी हलणारी शेपूट पुष्कळदा तणावाची खूण असते. पाहुण्यांचे मूल गळ्यात हात टाकते तेव्हा कुत्रा मान वळवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो. ‘मला सोडा’ अशी ती विनवणी असते. ती कोणी ऐकली नाही तर तो गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल आपण त्याला काठी दाखवतो आणि तो गुरगुरणे बंद करतो. त्याची भीती मात्र जात नाही. मग एके दिवशी तो चावतो, आणि आपण म्हणतो, काही कारण नसताना चावला.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे कुत्र्याचा तथाकथित अपराधी चेहरा. आपण घरी येतो, चप्पल फाडलेली दिसते, कुत्रा कान पाडून, शेपूट पायांत घालून, नजर चुकवत उभा असतो. ‘बघा, याला आपली चूक कळते,’ असे आपण म्हणतो. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याचा प्रयोग केला. मालकाने कुत्र्याला खाऊ न खाण्याची आज्ञा देऊन खोलीबाहेर जायचे. काही वेळा कुत्र्याने खाऊ खाल्ला नसतानाही मालकाला सांगण्यात आले की त्याने खाल्ला. मालक रागावला, आणि निरपराध कुत्र्याच्या तोंडावरही तोच अपराधी भाव उमटला. किंबहुना आज्ञा पाळूनही बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांत तो अधिक ठळक होता. म्हणजे ज्याला आपण पश्चात्ताप समजतो ते आपल्या रागासमोरचे भय असते. आपण त्याच्या भयाची कबुलीजबाब म्हणून नोंद करतो आणि त्यावर शिक्षा ठोठावतो.

श्रद्धावंतांना यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. पाप करण्याची आणि पापाची कबुली देण्याची क्षमता परमेश्वराने माणसाला दिली आहे. कुत्र्याला पाप नाही, म्हणून क्षमेची याचनाही नाही. फाटलेल्या चपलेमागे बहुधा एकटेपणा असतो, दात येण्याचा ठणका असतो किंवा दिवसभर कोंडून पडलेल्या शरीरातील अस्वस्थ शक्ती असते. त्या खोलीत अपराध करू शकणारा जीव एकच असतो, आणि तो चार पायांचा नसतो.

जाणण्यातून काळजीची रीत आपोआप ठरते. माणसाच्या नाकात गंध टिपणारी सुमारे ६० लाख ग्राहके असतात, कुत्र्याच्या नाकात ती ३० कोटींपर्यंत असू शकतात, असे सांगितले जाते. सकाळी फिरायला नेल्यावर तो प्रत्येक खांबापाशी थांबतो तेव्हा तो वेळ घालवत नसतो. गावातील बातम्या वाचत असतो. त्याला ओढत पुढे नेणे म्हणजे वाचणाऱ्याच्या हातातून वर्तमानपत्र हिसकावणे होय. त्याचे कान माणसाला ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या दुपटीहून वरचे स्वर टिपतात. नाताळच्या मध्यरात्री आणि दिवाळीत फटाके वाजतात तेव्हा पलंगाखाली थरथरणाऱ्या कुत्र्याला भित्रा म्हणून हसू नये, त्याच्याजवळ बसावे. त्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही; पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो, बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर घालवतो. मग सायबेरियाच्या बर्फासाठी घडलेला दाट केसांचा हस्की कोकणच्या दमट मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवणे, हे त्याच्यावरचे प्रेम की आपल्या हौसेवरचे?

आपल्या सणांच्या घरांतील एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. नाताळच्या केकचा तुकडा आपण लाडाने कुत्र्याला देतो. त्यातील मनुका त्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. चॉकलेट त्याच्या हृदयाला आणि मज्जासंस्थेला विष ठरते, कांदा-लसूण रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात आणि शिजलेल्या कोंबडीचे हाड फुटून घशात वा आतड्यात रुतते. प्रेमाने दिलेला घासही अज्ञानामुळे घातक ठरतो.

साखळीविषयी तर आपल्या देशात कायदाच आहे. १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, प्राण्याला अवाजवी आखूड किंवा अवजड साखळीने अवाजवी वेळ बांधणे, सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे, हे तिन्ही गुन्हे म्हणून नोंदलेले आहेत. पहिल्या गुन्ह्यासाठी तेव्हा ठरवलेला दंड १० ते ५० रुपये होता. १९९४ साली मी जे केले ते कायद्यानेही गुन्हाच होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. दंडाची ती रक्कम वाचून मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते, वाटले नाही.

काळजीत शेजाऱ्याचाही वाटा असतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो आणि माणसाला होणारा हा रोग ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांपासूनच येतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला प्रतिबंधक लस टोचली आणि तो वाचला. त्यानंतर एवढी वर्षे लोटूनही घरच्या कुत्र्याला वेळेवर लस न टोचणारी शिकली-सवरलेली कुटुंबे आपल्यात आहेत. कुत्रा चावला तर जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी. हळद, चुना वा मिरची भरून वेळ दवडू नये. तसेच मादीला पिले झाल्यावर ती पोत्यात घालून दूर सोडण्यापेक्षा वेळीच शस्त्रक्रिया करून घेणे हे अधिक दयाळूपणाचे आहे. पोते बांधताना दया दाखवायची वेळ निघून गेलेली असते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. माणसे उपाशी असताना कुत्र्यांचे एवढे कौतुक कशासाठी? कॅटेकिझमनेही त्याच परिच्छेदात इशारा दिला आहे की जो पैसा प्राधान्याने माणसांच्या दुःखनिवारणासाठी जावा तो प्राण्यांवर उधळू नये, आणि जी माया केवळ माणसांसाठी आहे ती प्राण्यांकडे वळवू नये. ५ जानेवारी २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत योसेफाच्या पितृत्वावर बोलताना, मुलांच्या जागी कुत्री-मांजरे ठेवणाऱ्या दांपत्यांविषयी खेद व्यक्त केला, तेव्हा जगभर अनेकजण दुखावले गेले. त्यांच्या बोलण्यातला कठोरपणा बाजूला ठेवला तरी एक सत्य उरते. ज्या घरात कुत्र्याच्या वाढदिवसाला केक कापला जातो आणि कामाला येणाऱ्या बाईला आजारपणाचीही रजा मिळत नाही, त्या घरात कुत्र्यावरही खरे प्रेम असेल काय, अशी मला शंका आहे. तेथे कुत्रा आपल्याला हवे ते देतो म्हणून प्रिय असतो. त्याला बाळ म्हणणे आणि त्याला राखणीचे यंत्र म्हणणे, दोन्हींत एकच चूक आहे: तो स्वतः कोण आहे हे पाहायचेच राहून जाते.

प्रभू येशूने सांगितलेल्या लाझरसच्या दाखल्यात श्रीमंत माणसाच्या दारात एक भिकारी पडलेला आहे आणि कुत्री येऊन त्याचे फोड चाटत आहेत. आपण त्या ओळीवरून बहुधा किळसेने पुढे जातो. मात्र त्या दारात लाझरसच्या जवळ गेलेले जीव तेवढेच होते. आतला माणूस रोज त्याच दारातून ये-जा करत असूनही त्याने त्याला पाहिले नाही. दाखल्यात श्रीमंताने लाझरसला मारले, हाकलले असे काही सांगितलेले नाही. तो त्याच्याजवळून जात राहिला, एवढाच त्याचा दोष, आणि तो नरकात जाण्याइतका मोठा ठरला. कुत्र्यावर दया आणि माणसावर दया असे दोन निराळे रांजण नसतात की एकातले पाणी काढले म्हणून दुसरा रिता व्हावा. दारातल्या जिवाकडे पाहण्याची सवय एकदा लागली की ती लाझरसपर्यंत पोचते; न पाहण्याची सवयही तशीच दूरवर पोचते.

आज वसईतल्या वाड्या आक्रसल्या आहेत. बावखले बुजली, केळीच्या बागांच्या जागी इमारती आल्या. मोतीसारखा मोकळा हिंडणारा कुत्रा आता गॅलरीच्या गजांतून रस्ता पाहतो. मुले परदेशी निघाली की घरचा कुत्रा थकलेल्या आईबापांवर टाकून जातात. फ्लॅट विकला की त्याला कोठेतरी ‘चांगल्या ठिकाणी’ सोडले जाते. प्रत्येक वेळी घरात कोणीतरी एक सोयीचे वाक्य उच्चारते. तरुण पालकांना माझी एवढीच विनंती आहे की मुलाच्या हट्टासाठी पिलू आणण्यापूर्वी बारा-तेरा वर्षांचा हिशेब मांडावा. हा मुलगा दहावीला असेल तेव्हा कुत्रा म्हातारा असेल. तेव्हा त्याला जिन्यावरून उचलून खाली कोण नेणार, त्याचे ओले अंथरूण कोण बदलणार, हे आज ठरवता येत नसेल तर पिलू आणू नये. आणि आणले तर मुलाला त्याच्या म्हातारपणाच्या सेवेतही सहभागी करून घ्यावे. कॅटेकिझम शिकवण्याचा तोही एक वर्ग आहे.

आमचे नवे घर १९९५ च्या पावसाळ्यापूर्वी पुरे झाले. आई त्यानंतर पुष्कळ वर्षे पहाटे मिस्सेला एकटी जात असे. तिने मला मोतीविषयी कधी काही विचारले नाही. फाटकापाशी आली की ती क्षणभर मागे वळून पाही, असे शेजारच्या मावशींनी मला ती वारल्यावर सांगितले.

गेली सहा वर्षे आमच्याकडे रस्त्यावरून आलेली एक कुत्री आहे. नसबंदीच्या वेळी पाडलेली खाच तिच्या डाव्या कानाच्या टोकाला आहे. छातीवर उजवीकडे बोटभर पांढरा पट्टा, मागच्या डाव्या पायाला मधल्या नखापाशी जुना व्रण, शेपटीच्या टोकाला चारपाच पांढरे केस. पाऊस येण्याआधी ती दारापाशी जाऊन नाक वर करते, आणि मी दोरीवरचे कपडे काढतो. आता एखाद्या बाजारात मला कोणी विचारले की तुमची कुत्री कशी आहे, तर मला सांगता येईल.